ग्लॅडिएटरांना ‘त्या काळचे व्यावसायिक खेळाडू’ म्हणणे मला मान्य नाही

पांथस्थ :
गेल्या आठवड्यात येथे एक लेख आला. ग्लॅडिएटरांविषयीचे, म्हणजे प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर शस्त्रांनी लढवल्या जाणाऱ्या लढवय्यांविषयीचे, आपले समज चित्रपटांनी बिघडवले आहेत, प्रत्यक्षात चांगला खुराक, निष्णात वैद्य आणि अफाट लोकप्रियता लाभलेले ते आपल्या मल्लांसारखेच व्यावसायिक खेळाडू होते आणि आखाड्यातला मृत्यू हा अपघात मानला जाई, असे त्यात म्हटले होते. त्याखाली ‘डोळे उघडले’ अशा प्रतिसादांची रांग पाहून मला राहवले नाही.

दुसऱ्या शतकातील रोमन विधिज्ञ गायस याने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात एक प्रश्न आहे. जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाबद्दल २० देनारियस (रोमन चांदीची नाणी) आणि जो मरेल किंवा जायबंदी होईल त्याच्याबद्दल १,००० देनारियस, अशा अटीवर कोणी ग्लॅडिएटर दिले, तर तो व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? प्रचलित मत असे होते, की परत आला त्याच्यापुरता तो भाड्याचा आणि मेला त्याच्यापुरता विक्रीचा. ज्याच्या मरणाने करारनाम्याचा प्रकार तेवढा बदलतो, त्याला खेळाडू कसे म्हणावे? जे स्वतंत्र नागरिक आपण होऊन या धंद्यात शिरत, त्यांनाही जाळले जाणे, बांधले जाणे, फटके खाणे आणि तलवारीने मारले जाणे मान्य असल्याची शपथ घ्यावी लागे.

उत्खनक :
तो लेख माझा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचा गायस माझ्याच बाजूने साक्ष देतो. मेलेला माणूस जिवंत माणसाच्या पन्नासपट महाग पडत असेल, तर खेळ भरवणारा त्याला मरू देण्यापूर्वी दहादा विचार करील. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज व्हील यांनी पहिल्या शतकातील १०० लढती तपासल्या, तेव्हा लढणाऱ्या २०० जणांपैकी १९ मेलेले आढळले. फ्लामा नावाचा सीरियन ग्लॅडिएटर ३४ लढती लढला; त्यांत २१ विजय, ९ बरोबरी आणि ४ वेळा हरूनही जीवदान, असे त्याच्या थडग्यावर कोरलेले आहे. इफेसस या प्राचीन शहरात १९९३ मध्ये सापडलेल्या ग्लॅडिएटरांच्या दफनभूमीतील हाडांवर नीट भरून आलेल्या जखमा आहेत, म्हणजे त्यांच्यावर उपचार होत होते. गेलेन हा प्राचीन जगातला थोर वैद्य पर्गमम या शहरात ग्लॅडिएटरांचाच वैद्य होता.

‘मरणाला निघालेले तुला वंदन करतात’ हे वाक्यही ग्लॅडिएटरांच्या तोंडी उगाच घातले जाते. इ.स. ५२ मध्ये सम्राट क्लॉडियसने फुसिनस सरोवरावर भरवलेल्या लुटुपुटुच्या नाविक युद्धातील दंडित कैद्यांचे ते शब्द आहेत. दुपारच्या वेळी उघडपणे दिल्या जाणाऱ्या देहदंडांवर सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने संताप व्यक्त केला आहे, तो प्रकारही ग्लॅडिएटरांच्या लढतींहून वेगळा होता. सगळे एकाच टोपलीत भरू नका.

सांजवात :
तुमच्याच आकड्यांचा साधा गुणाकार करा. दर लढतीला २०० मागे १९ मृत्यू, तर दहा लढतींनंतर शंभरांतले जेमतेम सदतीस उरतात. फ्लामाची गणना थडग्यावर कोरावीशी वाटली, कारण इतकी मजल फार थोड्यांनी मारली. आणि उपचार होत होते, हा कशाचा पुरावा आहे? माझ्या वडिलांकडे बैलजोडी होती, बैलाच्या खुराला जखम झाली की घरातल्या माणसाआधी बैलाला औषध मिळे. इ.स. ३९३ मध्ये सिमाखस या रोमन उमरावाने मुलाच्या खेळांसाठी मिळवलेल्या सॅक्सन कैद्यांपैकी २९ जणांनी आखाड्यात उतरण्याआधीच एकमेकांचे गळे आवळून जीव दिला. त्यांना तुम्ही कोणत्या संघाचे खेळाडू म्हणणार?

लालमाती :
मला रोमशी कर्तव्य नाही; त्या लेखातील ‘आपल्या मल्लांसारखेच’ हे दोन शब्द मला झोंबले आहेत. माझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत वाढले. चितपट झाला की कुस्ती निकाली होते, हरलेल्यालाही वस्ताद पाठीवर थाप मारून उठवतो, आणि तुम्ही त्याची तुलना गळ्यावर तलवार टेकलेल्या माणसाशी करता?

उत्खनक :
कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान आठवा. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कोलोसियम पाहिले आणि त्यावरून १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग उभे राहिले. नाते मी जुळवलेले नाही.

लालमाती :
महाराजांनी तिथून बैठक आणली, बळी आणले नाहीत! कुठेही बसले तरी मधला हौदा स्वच्छ दिसावा, एवढेच त्या उतरत्या बैठकीचे प्रयोजन आहे. त्या मैदानाचे नाव या वादात आणताना जरा विचार करायला हवा होता.

सांजवात :
येथे मला तुमच्याही विरोधात बोलावे लागेल. माझ्या मामांची मान एका गावच्या जत्रेतील कुस्तीत मोडली. खेळ भरवणाऱ्यांनी नारळ आणि टोपी हातात ठेवली, आणि पुढची अठरा वर्षे मामींनी त्यांना घास भरवला. हलगी घुमते तेव्हा सगळे पैलवानाचे असतात, नंतर कोणी नसते.

लालमाती :
मामांचे वाचून वाईट वाटले, पण त्यावरून तालमीला कत्तलखान्याच्या रांगेत बसवू नका. माझ्या आजोबांनी सत्ताविसाव्या वर्षी खांदा निखळल्यावर लंगोट उतरवला. त्यांना कोणी अडवले नाही, कोणी विकले नाही.

सांजवात :
रांगेत बसवले नाही. दुखावलेल्या माणसाचे पुढे काय होते, एवढेच विचारले. ते विचारले की तुम्हाला राग येतो.

पांथस्थ :
लालमातींच्या शेवटच्या वाक्यातच माझा मुद्दा आहे. मृत्यू किती झाले यावर उत्खनकांशी मी भांडतच नाही. मैदान सोडून घरी जाण्याचा हक्क कोणाच्या हातात होता, हा प्रश्न आहे. प्रिस्कस आणि वेरस इ.स. ८० मध्ये कोलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांत बरोबरीने लढले आणि दोघांनाही मुक्तीची लाकडी तलवार मिळाली, पण ती देणारा सम्राट टायटस होता.

उत्खनक :
‘अपघात’ हा शब्द मी मागे घेतो, आणि मल्लांची उपमाही. गुलामगिरी नव्हती असे मी कधीच म्हटले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. मात्र प्रत्येक लढतीचा शेवट मरणात होई, हा समज खोटा आहे, यावर मी ठाम आहे. मृत्यू हा नियम नव्हता.

सांजवात :
मिलानच्या संग्रहालयात उर्बिकस नावाच्या ग्लॅडिएटरची शिळा आहे. तेरा लढती, वय बावीस, मागे बायको लाउरिकिया आणि दोन मुली, त्यांतली एक पाच महिन्यांची. ज्याला हरवाल त्याला मारूनच टाका, असा इशारा त्या शिळेवर कोरलेला आहे.

उत्खनक :
ती शिळा मला ठाऊक आहे. माझ्या लेखात ती यायला हवी होती.