थंड इंजिनाची टकटक: आधी मॅनिफोल्ड तपासा

एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) थंड असताना टकटक वाजते आणि गरम झाल्यावर आवाज जातो, म्हणून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सैल असतील असा अंदाज एकाने केलाय. टॅपेटचा आवाज असा सहसा जात नाही. लोखंड तापून फुगलं की सांध्यातली फट मात्र बुजते, त्यामुळे संशय मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) गॅस्केटवरच, म्हणजे सांध्यातल्या पातळ सीलवरच घ्या.

इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या नळीला चिंधीने बसवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. फटीशी काजळीची काळी रेघही दिसते.

या इंजिनात इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) हे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच गॅस्केटवर बसतात, काही स्टडवर (इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) एकच जाड वॉशर दोन्हींच्या फ्लँज (जोडाच्या कडा) दाबतो. एक फ्लँज पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो. नट कितीही आवळा, गळती राहणारच. आधी जाडी जुळवा. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटी बघा, वाकलेला मॅनिफोल्ड घासून घ्या. नट पितळी वापरा, मधून कडेला आवळा, गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा. आणि हे टाळू नका: गळणारा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो.