दोन प्रोसेसरचा सर्व्हर: रॅम मोकळी असूनही स्वॅप भरतोय, मदत हवी आहे

मंडळी, लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक विचारायचं आहे.

ऑफिसात सेकंडहँड दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा) सर्व्हर आलाय. झिऑन ई५-२६८० व्ही४ दोन, प्रत्येकी १४ कोअर, दर कोअरला दोन थ्रेड, म्हणजे एकूण ५६ थ्रेड. रॅम १२८ जीबी. विकणाऱ्याने त्यावर विंडोज १० होम टाकून दिली होती, तिच्यात निम्मेच थ्रेड दिसायचे. ते कोडं लगेच सुटलं: होम एकच सॉकेट वापरते, दोन हवे तर निदान प्रो लागते. आता उबुंटू सर्व्हर २२.०४ आहे आणि सगळे ५६ दिसतात.

खरी डोकेदुखी पुढे. मायएसक्यूएल ८.० डेटाबेसला बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची त्याची जागा) ९० जीबी दिलाय. दिवसा ठीक चालतं, पण रात्रीचा बॅकअप झाला की सकाळी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) फुगलेला आणि साध्या क्वेरीही रखडलेल्या. फ्री कमांड मात्र बरीच रॅम मोकळी दाखवते. न्यूमा-सीटीएल कमांडने पाहिलं तर नोड ० (नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्या बाजूची रॅम) पूर्ण भरलेला, मोकळी रॅम सगळी नोड १ वर. स्वॅपिनेस (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वॅपकडे किती लवकर वळतो ते ठरवणारा आकडा) ६० वरून १ केला, फरक किरकोळ.

बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग (रॅम दोन्ही नोडवर आळीपाळीने वाटणं) सुरू करू का? एक सहकारी तर म्हणतो, दुसरा प्रोसेसर काढूनच टाका!

प्रतिसाद १
काढू नका राव, त्याच्या बाजूचे रॅमचे स्लॉटही बंद पडतील. रॅमच्या पट्ट्या दोन्ही प्रोसेसरकडे सारख्या आहेत ना? सेकंडहँड मशीनमध्ये कधीकधी सगळ्या एकाच बाजूला ठोकलेल्या असतात.

धागाकर्ता
पाहिलं. ६४-६४ आहेत.

प्रतिसाद २
मग हा मायएसक्यूएलवाल्यांचा जुनाच आजार. थ्रेड ज्या प्रोसेसरवर चालतोय त्याच्याजवळची रॅम आधी द्यायची, ही लिनक्सची मूळ पद्धत. ९० जीबी एका नोडच्या ६४ मध्ये मावत नाहीत, म्हणून एक बाजू काठोकाठ भरते आणि उरलेलं दुसरीकडे जातं. त्यात बॅकअप फायली वाचतो, त्यांच्या कॅशेला (रॅममध्ये ठेवलेल्या प्रतीला) जागा लागते. कर्नल रॅम रिकामी करतो ती नोडनिहाय. त्यामुळे दुसऱ्या नोडवर जागा असूनही भरलेल्या नोडची पानं (रॅमचे छोटे तुकडे) स्वॅपमध्ये जातात. स्वॅपिनेसने हा असमतोल जात नाही.

मायएसक्यूएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इनोडीबी न्यूमा इंटरलीव्ह’ (बफर पूल दोन्ही नोडवर वाटणारं सेटिंग) चालू करा. ८.० मध्ये ते मुळात बंद असतं, ८.४ पासून चालू. चालत्या सर्व्हरवर बदलत नाही, रीस्टार्ट लागेल. आणि सुरू करण्याआधी फायलींची कॅशे रिकामी करा, नाहीतर एक नोड तिनेच अडलेला असेल आणि वाटणी पुन्हा वाकडी होईल. नंतर न्यूमास्टॅटने (कुठल्या नोडवर किती रॅम वापरली ते दाखवणारी कमांड) मायएसक्यूएलची प्रोसेस बघा, दोन्हीकडे साधारण सारखे आकडे यायला हवेत.

बायोसचा उपाय मी तरी करणार नाही. त्याने कर्नलपासून नोडच लपतात, मग कुठल्याच प्रोसेसला तिच्या रॅमजवळ ठेवता येत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद! शनिवारी डाउनटाइम मिळतोय, तेव्हा करतो. याच मशीनवर एक छोटं पीएचपी अ‍ॅप आहे, त्याला नोड १ ला बांधून ठेवू का?

प्रतिसाद २
आत्ताच नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हलक्या अ‍ॅपसाठी कर्नलचं ऑटोमॅटिक न्यूमा बॅलन्सिंग (प्रोसेस आणि तिची रॅम आपोआप जवळ आणणं) पुरतं. रविवारच्या बॅकअपनंतरचे न्यूमास्टॅटचे आकडे इथे टाका, मग बघू.