तबेल्याच्या सांडपाण्यात तांबे आणि जस्त तपासणे सक्तीचे करावे का?

मूळ मत (ऐरोली)
कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचे प्रतिजैविक, म्हणजे जिवाणूंवरचे औषध आहे. दूध, मांस व अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांमध्ये त्याचा वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला, हे योग्यच झाले. मात्र औषध थांबले की जिवाणूंचा प्रतिकारही ओसरेल, ही समजूत अपुरी आहे. खाद्यातून दिलेल्या तांब्या-जस्ताचा मोठा भाग शेणावाटे बाहेर पडतो, आणि औषध कालांतराने विघटित होते तसा धातू होत नाही. धातूपासून बचाव करणारे जनुक आणि प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असतात. त्यामुळे ज्या नाल्यात औषधाचा अंशही उरलेला नाही, तिथेही केवळ तांब्याच्या दाबाखाली तेच जिवाणू तग धरतात आणि शेजारच्या जिवाणूंना तो प्लाझ्मिड देतात. २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेल्या ठाणे खाडीकडे जाणाऱ्या पाण्यात फक्त बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) मोजून भागणार नाही.

प्रतिसाद (भिवंडी, तबेला व्यवसाय)
ताई, शास्त्र मान्य आहे, पण ते आमच्या गोठ्याला जसेच्या तसे लावणे अन्यायाचे आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये थांबवला तो डुकरांच्या पिलांना हगवणीवर मोठ्या मात्रेत झिंक ऑक्साइड देण्याचा वापर. आमची म्हैस सरकी पेंड, चुणी आणि पेंढा खाते. खनिज मिश्रण मूठभरच मिळते, आणि तेही तोडले तर जनावर वेळेवर माजावर येत नाही. खाडीच्या काठाने टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) एवढा मोठा औद्योगिक पट्टा असताना पंधरा म्हशींच्या मालकावर प्रयोगशाळेचा खर्च का लादायचा?

मूळ मत मांडणारीचे उत्तर
कारखान्यांना सूट द्यावी असे मी म्हटलेले नाही. पण मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) काय? खुरांच्या आजारावर शंभर लिटर पाण्यात पाच किलो मोरचूद घालून त्यातून जनावरे चालवली, तर त्या एका हौदात सव्वा किलोच्या आसपास तांबे असते. वापरून झाल्यावर ते पाणी कुठे ओतले जाते?

प्रतिसाद (ठाणे, सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका)
सक्तीला माझा विरोध नाही, पण केवळ पाणी तपासण्याला आहे, कारण धातू पाण्यापेक्षा गाळाला अधिक धरून राहतो. वरचे पाणी निर्दोष निघेल आणि तळाशी प्रतिरोधक जिवाणू पोसले जातील. गोबर गॅस किंवा कंपोस्ट हा उपाय नेहमी सुचवला जातो. नीट तापलेल्या ढिगात रोगजंतू आणि काही औषधे कमी होतात, हे खरे आहे. परंतु खत कुजताना त्याचे वजन घटते आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे त्याचे प्रमाण उलट वाढते. तेच खत पुढे भाजीच्या वाफ्यात जाते. तपासणी करायची तर गाळाची, खताची आणि त्याआधी खाद्याची करावी.

प्रतिसाद (भिवंडी, तबेला व्यवसाय)
मोरचुदाचा मुद्दा मी मान्य करतो. आमच्याकडे ते पाणी गोठा धुतलेल्या पाण्याबरोबरच नाल्यात जाते. ते पिंपात वेगळे साठवायला मी उद्यापासून तयार आहे, पण ते पिंप उचलून नेण्याची व्यवस्था पालिकेने करावी. खाद्याची तपासणी मात्र ते जिथे तयार होते त्या कारखान्यात व्हावी. बंद पोते विकत घेणाऱ्याला आत जस्त किती आहे हे कसे कळणार?