लिहिता कुठे, वाचता कधी? (विज्ञानकथावाल्यांनी जरूर या)

घर नौपाड्यात, कॉलेज कल्याणला. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा सुमारे १.३ किलोमीटरचा. मी घड्याळ लावून मोजायचो. गाडी नीट पळाली तर ऐंशी सेकंदांच्या आत उजेड. डब्यातले दिवे गेलेले असले की तेवढा वेळ सगळे गप्प, पत्ते कुटणारेसुद्धा हात आवरून बसायचे. माझी पहिली विज्ञानकथा तिथेच सुचली. गाडी कळव्याकडून बोगद्यात शिरते आणि पलीकडे निघते ती थेट १८५३ सालात. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते साल, म्हणून ते घेतलं. दोनशे पानी वहीची चाळीस पानं भरली.

शेजारी एक निवृत्त मोटरमन काका राहायचे. मोठ्या ऐटीत वही त्यांना दिली. तिसऱ्या दिवशी परत आली. समासात पेन्सिलीने : ‘बोगदा १९१६ चा. ५३ साली तिथे अखंड डोंगर. शिवाय तेव्हा रूळ ठाण्यापर्यंतच, कल्याणला गाडी ५४ त.’ आणि खाली बारीक अक्षरात : ‘गाडी उभी कशावर आहे?’

आजही कथेच्या आधी एक पाठकोरा कागद घेतो आणि वर तोच प्रश्न लिहितो. कथेत एक अशक्य गोष्ट चालते. बाकीचं सगळं रुळावर हवं. लिहिणं पहाटे, सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत. मोटर लागली की घर जागं होतं आणि मी ‘रिकामा’ ठरतो.

नवख्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी केलेली. जोखायची ती कथा, नाव नव्हे, एवढ्यासाठी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे मीही एका स्पर्धेत कथा धाडली, स्वतःच्याच नावाने. ओळखणार कोण होतं!

तर आता तुम्ही सांगा. कुठे लिहिता, काय वाचता, खोड कुठून लागली? उपदेश नको, प्रसंग हवेत.

चौथी सीट

घणसोली ते ठाणे, ट्रान्सहार्बरचा लेडीज डबा. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड हवेत, एक हात दांडीला, त्यामुळे टाइप करणं अशक्य. म्हणून मी कथा फोनला बोलून लिहिते. फोनचं मराठी आमच्या मॅनेजरसारखं आहे, आत्मविश्वास दांडगा. ‘कृष्णविवर’ म्हटलं तर ‘कृष्ण विवाहवर’ लिहितो.

एकदा रबाळे सुटल्यावर मी हळूच सांगत होते, “तिने त्याची ऑक्सिजनची नळी काढली आणि शांतपणे दार लावून घेतलं.” समोरच्या मावशींनी भाजी निवडायची थांबवली. म्हणाल्या, “कोण गं, सासरे?” मग ऐरोली येईपर्यंत अख्खं अंतराळयान समजावून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा धरून ठेवली होती, पुढचं ऐकायला. पुढचं सुचलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी जेवढं लिहिलं तेवढं उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं.

तलावपाळी

मी लिहीत नाही. वाचतो, भरपूर. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, त्यामुळे ठाणेकराने वाचनाचा फार गाजावाजा करू नये असं माझं मत.

फक्त एक तक्रार. दिवाळी अंकांच्या योजनेत (लायब्ररीचं नाव घेत नाही) एक विज्ञानकथा हाती लागली. यंत्रमानव मालकिणीला म्हणतो, “खरं सांगू?” आणि पान संपतं. पुढचं पान कुणीतरी पाठच्या पाककृतीसाठी ब्लेडने कापून नेलेलं. अनुक्रमणिकेत बघितलं, मागे खव्याच्या करंज्या होत्या. तो काय सांगणार होता हे मला गेली अकरा वर्षं ठाऊक नाही. ज्यांच्याकडे त्या करंज्या आहेत त्यांनी पान उलटून बघावं.

होल्डिंग पॉण्ड

मी स्थापत्य अभियंता, राहायला बेलापूर. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, हे इथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून शहरात होल्डिंग पॉण्ड आहेत. खाडीचं पाणी चढलं की तोंडाशी असलेल्या झडपा पाण्याच्याच दाबाने मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की आपसूक बाहेर जातं. पण तळ्यात गाळ साचत जातो, त्यात खारफुटी उगवते आणि पाणी थांबायला जागा कमी पडते. खारफुटी तोडता येत नाही, कायदा आहे आणि तो असायलाही हवा.

यावर कथा लिहिली. मुसळधार पाऊस, मोठी भरती, एक झडप अर्धवट उघडी राहते आणि रात्रपाळीचा एकच माणूस. एका अंकाकडे पाठवली. साभार परत. कारण दिलं होतं, ‘कल्पना चांगली, पण भरतीच्या पातळीखालचं शहर पटत नाही. एखाद्या परग्रहावर घडवता येईल का?’

ते उत्तर मी बेलापुरात, तळमजल्यावर बसून वाचलं.

नुसतीच वाचक

लिहायची सवय : वाण्याची यादी. तीही नवरा हरवतो.

पोकळी

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपनीत होते, व्हॅक्यूम पंपांवर. मला ठाण्यात एका परदेशी सिनेमाला घेऊन गेले. पडद्यावर यानं फुटायला लागली, धडाड्धूम. बाबा भर थिएटरात म्हणाले, “पोकळीत आवाज कुठून आला?” मागून कुणीतरी, “काका, तिकिटाच्या पैशातून.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुष्कळ वर्षांनी ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ लॅपटॉपवर लावला. १९६८ चा. त्यात बाहेर पोकळीत धडामधूम नाही, एके ठिकाणी तर नुसता श्वास ऐकू येतो. बाबांना बोलावलं. पाच मिनिटं उभ्याने बघितलं, मग खुर्ची ओढली. म्हणाले, “यांना पंप कळलेला दिसतोय.” मध्यंतरानंतरचं काही आम्हाला दोघांनाही समजलं नाही.

चौथी सीट

धागाकर्ते, तुमच्या त्या लोकलचं काय झालं? मावशी विचारतायत.

धागाकर्ता

साल बदलून १९१६ केलंय. बोगदा तयार, रूळ घातलेले. पण वर विजेच्या तारा नाहीत, त्या ठाण्याकडे यायला अजून अवकाश आहे. त्यामुळे गाडी बोगद्याच्या तोंडाशी बंद पडलीय आणि डब्यातले लोक खाली उतरू की नको यावर भांडतायत. चार वर्षं तिथेच आहे. मावशींना विचारा, काही सुचतंय का.