मदत हवी आहे: माणग्याच्या नऊ फुटी गळाच्या काठीला गाईड कुठे आणि कसे बांधू?

नमस्कार मंडळी,

मी देवगडच्या बाजूला खाडीत आणि खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर) मासे गरवतो, म्हणजे गळाने पकडतो. यंदा माणग्याची (हा बांबूचाच एक प्रकार) काठी घरीच करायला घेतली आहे. माणगा जवळजवळ भरीव, सावलीत वाळवलेला आणि शेकून सरळ केलेला आहे. लांबी नऊ फूट, म्हणजे साधारण २७४ सेंमी. रीळ ४००० नंबरचं, स्पिनिंग, बुडापासून ४५ सेंमीवर. त्यावर ब्रेडेड (विणलेला) दोरा आणि पुढे, गळाच्या बाजूला, तंगुसाचा लीडर. शिसं ४० ग्रॅमपर्यंत लावतो. तांबोशी, शेंगाळा हे नेहमीचे मासे. जिताडा लागला तर त्यालाही काठीने तोंड द्यावं, एवढी इच्छा आहे.

गाईड, म्हणजे दोरा ओवायच्या कड्या, म्हणून सध्या सायकलच्या स्पोकच्या कड्या वळवून चिकटपट्टीने लावल्या आहेत. पाच कड्या आणि शेंड्याची एक. पहिली कडी रिळापासून ४० सेंमीवर आहे, आतून १६ मिमी, आणि काठीला बरीच चिकटून बसते. फेकताना दोरा काठीवर फटफट आपटतो आणि शिसं हवं तितकं लांब जात नाही. काठी वाकवून पाहिली तर शेंड्याकडच्या भागात दोऱ्याला कोपरे पडलेले दिसतात.

काठीची फुटात लांबी अधिक एक, इतके गाईड लावावेत असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. म्हणजे मला दहा लागतील. पण तो हिशोब फायबरच्या काठ्यांचा. बांबूला दहा गाईड लावले तर शेंडा जड होऊन काठी मंदावणार नाही का? आणि माणग्याला थोडा नैसर्गिक बाक राहिलाच आहे. तो कुठल्या बाजूला घ्यायचा? ज्यांनी बांबूवर काम केलंय त्यांनी कृपया सांगा. गावात आता सगळे तयार काठ्याच आणतात, विचारायला कोणी उरलेलं नाही.

प्रतिसाद १

दोरा आपटतोय त्याचं कारण पहिली कडी. स्पिनिंग रिळातून दोरा मोठी वेटोळी घेत सुटतो. ती वेटोळी पहिल्या गाईडने हळूहळू आवळायची असतात. तुमची कडी लहान आहे, बुटकी आहे आणि रिळाच्या फार जवळही आहे. तिथे २५ किंवा ३० मिमीचा, उंच पायाचा गाईड घ्या आणि सुरुवातीला रिळापासून ७० सेंमीवर लावा. चिकटपट्टीनेच. मग मोकळ्या मैदानात नुसतं शिसं लावून फेका, आणि दर वेळी दोन बोटं पुढेमागे सरकवत जा. आवाज थांबला आणि फेक लांबली की तीच जागा.

बाकीच्यांची अंतरं वाकच ठरवतो. काठी आडवी घट्ट धरा, दोरा सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला वजन बांधा आणि चांगली वाकू द्या. दोन कड्यांमध्ये दोरा सरळ रेषेत जाणारच, पण कडीपाशी कोन तीव्र दिसला की तिथे अंतर कमी करा. शेंड्याकडे काठी जास्त वाकते, म्हणून तिथे गाईड जवळजवळ येतात आणि बुडाकडे लांब लांब. नऊ फुटी फेकायच्या काठीला सहा-सात गाईड आणि शेंड्याचा एक एवढे पुरतात. दहाचा आग्रह धरू नका. तुमची शेंडा जड होण्याची शंका रास्त आहे.

एक मात्र नक्की करा: ब्रेडेड दोऱ्यासाठी स्पोकच्या कड्या ठेवू नका. तो दोरा साध्या तारेत चर पाडतो आणि मग तोच चर दोरा कापतो. शिवाय खाऱ्या पाण्यात गंज. आत सिरॅमिक रिंग असलेले गाईड घ्या. फुजी कंपनीसारखे महाग नसले तरी चालतील, रिंगला तडा नसला म्हणजे झालं. कापूस रिंगमधून फिरवून बघा, तडा असेल तर तंतू अडकतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, बांबूपुरती भर घालतो. पेरावर गाईड कधीही बांधू नका. पेर फुगीर असतं, गाईडचा पाय टेकत नाही आणि ताण आला की डुगडुगतो. वाकवून ठरलेली जागा पेरावर आली तर इंचभर सरकवा, फरक पडणार नाही. आणि पाय नीट बसावा म्हणून काठीला खाच करू नका. बांबूचं सगळं बळ बाहेरच्या सालीतल्या तंतूंत असतं. साल तासली की ताण आल्यावर काठी नेमकी तिथेच मोडते. तासायचंच तर गाईडचा पाय कानशीने निमुळता करा, म्हणजे दोऱ्याचे वेढे काठीवरून पायावर अलगद चढतात.

बाकाबद्दल: शेंडा किंचित वर बघेल अशी काठी फिरवा आणि गाईड खालच्या बाजूला बांधा. गाईडच्या वजनाने बाक थोडाफार निघतो. डावी-उजवीकडे बाक ठेवलात तर फेक तिरकी जाईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिला गाईड ३० मिमीचा आणून ६८ सेंमीवर बसवला, आपटणं थांबलं! वाकवून बघितल्यावर एकूण सात आणि शेंड्याचा एक असं जमतंय. चौथा पेरावर येत होता, तो शेंड्याकडे घेतला. आता पक्कं बांधायचं आहे. बांधायला नायलॉनचा दोरा आणि त्यावर लावायला इपॉक्सी (कडक होणारं गोंदासारखं रसायन) आहे. आमच्याकडे पाऊस सुरू झालाय, चालेल का?

प्रतिसाद २

बांधून घ्या, इपॉक्सीची घाई नको. पावसाळी दमट हवेत ते पांढुरकं आणि चिकट राहतं. लावायचंच असेल तर बंद खोलीत, बल्बच्या उबेत. थर पातळ दोन द्या आणि सुकेपर्यंत काठी सावकाश फिरवत ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला थेंब गोठतात. वेढे एकमेकांना खेटून, मध्ये फट नको. सगळे गाईड टोकाकडून एका रेषेत दिसतात ना ते इपॉक्सीच्या आधी बघा. दोरा नुसता गुंडाळलेला असताना गाईड हाताने ढकलून सरळ करता येतो, नंतर नाही. शेंड्याचा गाईड मात्र इपॉक्सीने नको, गरम करून वितळणाऱ्या गोंदकांडीने बसवा. खडपावर पहिला तोच तुटतो, आणि असा बसवलेला लायटरच्या उबेने सुटून येतो.