मदत हवी आहे: भाचा लातूरहून निघून गेलाय, तक्रार कुठं द्यायची?

गोदाकाठ: भाचा काल रात्रीपासून गायब आहे. पोलीस ठाण्यात म्हणायलेत चोवीस तास थांबा, नाहीतर लातूरला जा. मेहुणे म्हणायलेत येईल आपोआप. कुणाला फोन करू? लवकर सांगा.

मांजरातीर: वय किती? राहतो कुठं? मोबाइल नेलाय का? चिठ्ठी, भांडण काही?

गोदाकाठ: सोळा पूर्ण. अकरावी, नीटची तयारी. लातूरला खासगी वसतिगृहात असतो, घर परभणी जिल्ह्यात. मोबाइल नेलाय, बंद लागतो. चिठ्ठी नाही.

रानपाखरू: मोबाइल आधी सीईआयआर पोर्टलवर (हरवलेले-चोरीचे फोन बंद करायची सरकारी साइट) ब्लॉक करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, खोक्यावर असतो, सिमसुद्धा बंद करून टाका.

मांजरातीर: मुळीच नको! ती सोय चोरीच्या फोनसाठी. उलट रिचार्ज संपत आला असेल तर आत्ता मारा. फोन एकदा जरी सुरू झाला तरी पोलिसांना टॉवर मिळतो. आयएमईआय लिहून ठेवा, पण तो तपास अधिकाऱ्याला द्यायला. खात्यातून पैसे गेले का तेही पाहा, बँकेचा मेसेज बऱ्याचदा वडिलांच्या नंबरवर येतो.

वकीलभाऊ: चोवीस तास थांबायचा नियम कुठंच नाही. अठराच्या आतलं लेकरू बेपत्ता असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. कलम आता भारतीय न्याय संहितेचं 137(2). हद्दीचं कारण सांगितलं तर 'झिरो एफआयआर' मागा, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 खाली कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. तरी घेईनात तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. नुसत्या 'मिसिंग' नोंदीवर परत येऊ नका, प्रत हातात घ्या. मित्रांच्या चॅटमध्ये मरण्याची भाषा असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा.

सह्याद्री_७२: मी म्हणतो सैनिकी शाळेत घाला. शिस्त लागली की पळणं बंद.

मांजरातीर: लेकरू सापडू द्या आधी. शिस्तीचं नंतर बोलू.

जालनाकर: 1098 लावा, मुलांची हेल्पलाइन आहे, बाकी सगळं सोडा.

वकीलभाऊ: बाकी सोडून कसं चालेल? 1098 आता महिला व बालविकास विभागाकडं आहे आणि 112 ह्या आपत्कालीन नंबरशी जोडलेला. तिथं जरूर कळवा, पण गुन्हा ठाण्यातच नोंदवावा लागतो. रेल्वेनं गेल्याचा संशय असेल तर 139 पण लावा.

गोदाकाठ: वसतिगृहवाले सीसीटीव्ही दाखवीनात.

मांजरातीर: पोलिसांकरवी लेखी पत्र द्या आणि आजच द्या. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, भरलं की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. रात्रीची मुंबई गाडी आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्स, तिथलं आधी बघायला सांगा. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना स्वतःचा नंबर देऊ नका, ठाण्याचा द्या. नाहीतर "मुलगा आमच्याकडं आहे, पैसे पाठवा" असे फोन सुरू होतात.

जालनाकर: ह्या क्लासवाल्यांनी पालकांच्या ग्रुपवर मार्कांची यादी टाकणं बंद केलं पाहिजे. फी लाखात आणि वर...

सह्याद्री_७२: यादी लावली म्हणूनच लातूर पॅटर्न उभा राहिला.

वकीलभाऊ: वेगळा धागा काढा की दोघं.

गोदाकाठ: सापडला!! पुणे स्थानकावर आरपीएफनं (रेल्वे सुरक्षा दल) थांबवलंय. मी निघतोय, लगेच ताब्यात देतील ना?

वकीलभाऊ: देव पावला. पण लगेच नाही मिळणार. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बालकल्याण समितीपुढं नेतात, मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं ते ती ठरवते. सुट्टी असली तर एका सदस्यापुढंही नेता येतं. तुम्ही मामा, म्हणून बहीण किंवा मेहुणे सोबत पाहिजेतच. दोघांचे आधार, मुलाचा जन्मदाखला किंवा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), एफआयआरची प्रत न्या. मूळ टीसी कॉलेजात जमा असेल तर झेरॉक्सवर कॉलेजचा शिक्का घ्या.

रानपाखरू: म्हणजे बालसुधारगृहात टाकतील का?

वकीलभाऊ: नाही. गुन्ह्यात अडकलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं, ते वेगळं. ह्याला फार तर बालगृहात ठेवतील. समिती त्याच्याशी एकट्याशी बोलते. घरी यायचं नाही म्हणाला तर चौकशी अहवाल मागवते, समुपदेशन लावते. मेहुण्यांनी तिथं आवाज चढवला तर मुक्काम लांबेल, त्यांना गाडीतच सांगून ठेवा.

मांजरातीर: आल्यावर पहिले काही दिवस मार्क, नीट, खर्च ह्यातलं काही काढू नका. वसतिगृहात मारहाण होते का, कुणी त्रास देतं का, हे आईनं हळू विचारावं. तो गप्पच राहिला तर टेलिमानस 14416, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मोफत आहे, मराठीत बोलतात. पालकांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.

गोदाकाठ: बहीण-मेहुणे दोघंही निघालेत. मी टीसीसाठी कॉलेजात थांबलोय, शिक्का झाला की मागून जातो.

वकीलभाऊ: परत आल्यावर समितीच्या आदेशाची प्रत ठाण्यात द्या आणि जबाब नोंदवून घ्या. नाहीतर बेपत्ता मुलांच्या पोर्टलवर तो बेपत्ताच दिसत राहील. ग्रुपवरचे फोटोही काढायला लावा.