नववीचे खेळाचे तास गणित-विज्ञानाला देऊन टाकले, हे बरोबर आहे का?

पूर्णाकाठ (परभणी):
जरा लांब लिहितोय पण पूर्ण वाचा आणि मग बोला. माझी मुलगी नववीला आहे, तालुक्याच्या गावी शाळेत जाते. दिवाळीनंतर टाइमटेबल बदललं आणि आठवड्यातले दोन्ही खेळाचे तास गेले, एक गणिताला एक विज्ञानाला. विचारलं तर म्हणे पुढच्या वर्षी बोर्ड आहे, पाया पक्का पाहिजे.

आता तिचा दिवस बघा. नऊच्या एसटीनं जायचं, परिपाठ, प्रतिज्ञा, दिनविशेष, मग लागोपाठ मराठी, इंग्रजी, बीजगणित, मोठ्या सुट्टीत डबा (खिचडी आठवीपर्यंतच असते), मग विज्ञान, इतिहास, भूमिती, हिंदी, आणि ज्या दिवशी खेळाचा तास असेल त्या दिवशी शेवटी मैदान. मैदान म्हणजे काय, खो-खोचे दोन खांब, फक्कीनं मारलेल्या रेषा आणि एक फाटकी व्हॉलीबॉलची जाळी. आठ जणी पाटीवर बसायच्या, एक पळायची, बाकीच्या कडेला उभ्या राहून ओरडायच्या. खो-खोचा कंटाळा आला की लंगडी, लगोरी. आऊट दिलं म्हणून भांडायच्या आणि एसटीत परत एका सीटवर तिघी.

ती एसटी पाच-सव्वापाचला निघते. घरी आल्यावर पोरं बॅट घेऊन मारुतीच्या देवळामागं जातात, तिथं एकही पोरगी दिसत नाही, आमच्या गावात नाही आणि आजूबाजूच्याही नाही. म्हणजे तिला मोकळेपणानं पळायला मिळायचं ते फक्त त्या दोन तासांत. तेच काढून घेतले. माझं मत सरळ आहे, हे तास परत द्यायला पाहिजेत.

लातूरचा पालक:
भाऊ भावना समजली पण मी विरोधात आहे. आपण कुठल्या भागात राहतो ते आधी बघा. पावसाचा भरवसा नाही, कारखानदारी नाही, 2016 ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा भागातून लेकरं डॉक्टर-इंजिनियर झाली ती कशानं? लातूर पॅटर्न म्हणून जो गाजला त्यात जादू काहीच नव्हती, जादा तास, सराव पेपर, चाचणी, चुका काढा, परत चाचणी. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजची नावं त्याच मेहनतीनं राज्यभर झाली. पुण्या-मुंबईच्या लेकराला नापास झालं तरी दहा रस्ते आहेत, आपल्याला एकच आहे आणि तो मार्कशीटवरून जातो. दोन वर्षं खेळ नाही झाला तर काही बिघडत नाही, गणित कच्चं राहिलं तर जन्माचं बिघडतं.

खोखोवाली_धाराशिव:
काही बिघडत नाही असं कसं म्हणता दादा. आमच्या जिल्ह्याची सारिका काळे, 2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टन होती, सुवर्ण आणलं, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. कुठून आली ती? अशाच मातीच्या मैदानातून. जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकलो. आणि ज्या भागात हा खेळ एवढा रुजलाय तिथंच शाळा त्याचा तास बंद करायलेत.

लातूरचा पालक:
ताई त्यांना सलाम आहे, खरंच. पण अशी एक होते, बाकीच्यांचं काय? जिल्ह्यापर्यंत जाऊन थांबलेली पोरं मी बघितलीत, ना खेळात नोकरी ना हातात मार्क. एका नावावर सगळ्या वर्गाचं टाइमटेबल ठरवता येत नाही.

भरतीवाला_बीड:
तुमी दोघंबी एक गोष्ट विसरायलात. आमच्या वर्गातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. त्यात मैदानी 50 मार्काची, पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, वरून 100 मीटर आणि गोळा, आन तितं निम्मे मार्क नाही पडले तर लेखीला बसूच देत नाहीत. म्हंजे पळणं हेच मार्क आहेत की. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीघोडं नाही, पायी जायचा पळत जायचा, बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेसला, म्हंजे अडथळ्याच्या शर्यतीला, 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला रौप्य आन 2023 ला एशियन गेम्सला गोल्ड. वीस वर्षाचा झाल्यावर अकॅडमीला पैसे भरून पळायला शिकण्यापेक्षा शाळेतच पळू द्या की.

पूर्णाकाठ (परभणी):
बीडवाले भाऊ, ताई, तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय पण मला हा मुद्दा असा मांडायचा नाही. पदक येईल, भरती होईल, ग्रेस मार्क मिळतील म्हणून खेळाचा तास पाहिजे असं म्हटलं की लातूरवाल्या दादांचं उत्तर तयारच आहे, सगळ्यांना कुठं मिळतं. आणि ते खरंच आहे, नाही मिळत. माझ्या मुलीला सुद्धा मिळणार नाही, ती खो-खोत पहिल्या फेरीत आऊट होते. तरी तिला तो तास पाहिजे. जी तालुक्याच्या टीममध्ये कधीच जाणार नाही, जिला धड पळता येत नाही, तिच्यासाठी बोलतोय मी. टीममधल्या पोरींना सर सकाळी वेगळं बोलावतातच, तास बंद झाला तो बाकीच्या वर्गाचा.

हिंगोलीचा गणित शिक्षक:
मी इथं उलट्या बाजूनं बोलणार, राग मानू नका. मी नववी-दहावीला बीजगणित-भूमिती घेतो. कागदावर तास भरपूर दिसतात. प्रत्यक्षात निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरा, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, गॅदरिंग, यात कितीतरी तास जातात. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, काही लेकरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही आईबापासोबत फडावर जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. ज्याला वर्गसमीकरण म्हणजे काय तेच बघायला मिळालं नाही त्याला मी कधी शिकवू? ज्यांच्याकडं पैसे आहेत ते क्लास लावतात. गरिबाच्या लेकराचा क्लास म्हणजे शाळेतला जादा तास, तो मी कुठून आणू? खेळाचा तास मागतो तेव्हा मला काही आनंद होत नाही, पण दहावीत गणितात गेलेलं पोरगं पुढं कुठं जातं ते मी बघितलंय, त्याच फडावर जातं.

पूर्णाकाठ (परभणी):
सर, तुमचं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. पण मग मला सांगा, ज्या पाच-सात लेकरांचं मागं पडलंय त्यांच्यासाठी अख्ख्या वर्गाचा तास का? त्यांना वेगळं बसवा, जास्त लक्ष देता येईल. साठ जणांच्या वर्गात शेवटच्या तासाला, पेंगत असलेल्या पोरांना, नेमकं त्याच पाच जणांना काय समजतंय?

आणि अजून एक. ऊसतोडीवरून आलेलं लेकरू वर्गात मिसळतं कधी? वर्गात ते मागं बसतं, गप्प असतं. मैदानात त्याला कुणी उत्तर विचारत नाही.

जालन्याचा शेतकरी:
आमच्या वेळी कुठला खेळाचा तास. शाळेतून आलं की कापूस वेचायला, म्हशीला पाणी. आताची लेकरं पण सुट्टीत रानात असतात, व्यायाम भरपूर होतो. हे शहरातल्या लोकांचे प्रश्न आहेत, तिकडं लेकरं मोबाईल घेऊन बसतात.

खोखोवाली_धाराशिव:
काका, मी पण कापूस वेचलाय. कंबर मोडते, बोटं सोलतात, त्याला खेळ नाही म्हणत. आणि मोबाईल आता तांड्यावर पण पोचलाय, संध्याकाळी वस्तीवरची पोरं बघा एकदा.

पीटी_सर_नांदेड:
ज्याचा तास जातो त्यानं बोलायला पाहिजे म्हणून लिहितो. आमच्या विषयाचा बोर्डाच्या टक्केवारीत हिशोब नाही, फक्त श्रेणी असते, म्हणून आधी आमचाच तास कापला जातो. पण ती श्रेणी भरावी लागतेच ना? तास झालाच नाही तर मी कशावर भरू? मग सगळ्यांना अ. जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं अंगमेहनतीची हालचाल पाहिजे. आपण रोज नाही, आठवड्याला दोन तास मागतोय. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय, मैदान आहे आणि त्यावर सरांच्या गाड्या उभ्या आहेत.

एक गणिताच्या सरांना सांगतो, शेवटचा तास माझा असतो तेव्हा त्या दिवशी दुपारनंतर घरी पळणारी पोरं कमी असतात. हे माझ्याकडच्या हजेरीत दिसतं, तुम्हीही तुमच्या शाळेत बघा.

दहावी_ब:
मी दहावीला आहे. सकाळी साडेसहाला क्लास, मग शाळा, मग परत क्लास. आमचा खेळाचा तास नववीतच बंद झाला. मोठ्या सुट्टीत डबा पाच मिनिटात संपवून आम्ही टेनिस बॉलनं खेळतो, वहीच्या पुठ्ठ्याची बॅट, तेवढ्यात बेल होते. सर रागावतात की घामाने येता वर्गात. एवढंच सांगायचं होतं. अभ्यास करतो आम्ही, नाही म्हणत नाही.

हिंगोलीचा गणित शिक्षक:
पीटी सर, हजेरीचा मुद्दा मी आमच्याकडं तपासतो. मला जादा वेळ पाहिजेच, त्यावर मी मागं हटत नाही. पण मुख्याध्यापक तयार असतील तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास मी मागं पडलेल्यांसाठी थांबेन. अडचण एसटीची आहे, शनिवारी दुपारची गाडी नाही.

पूर्णाकाठ (परभणी):
गाडीचं आमच्याकडंही तेच आहे, पण आमच्या शाळेत शिकवणी त्याच दोन तासांत बसवता येईल. मी आणि अजून काही पालक मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देतोय. खेळाचे दोन्ही तास परत, आणि त्याच वेळेत ज्यांना गरज आहे त्यांना गणिताचे सर वेगळ्या खोलीत घेतील, आलटून पालटून, म्हणजे कुणाचाच खेळ कायमचा जाणार नाही. सोबत डेपो मॅनेजरलाही अर्ज, की शनिवारची एक फेरी वाढवा.

लातूरचा पालक:
अर्ज द्या. माझं मत बदललेलं नाही, दहावीला तरी जानेवारीनंतर सगळं बंद पाहिजे, तेवढं तरी लिहा त्यात. आणि मार्च लागल्यावर दुपारी उन्हात लेकरं मैदानात सोडू नका, सकाळच्या शाळेत पहिला तास खेळाला मागा.